गणूआबांच्या बांधावरचं भाषण

फोंड्याच्या बाजारात मला जो भेटतो तो आधी एकच विचारतो, "तिकडे नुस्तें मिळायचं का?" माणूस परमुलखात राहून येतो, तर त्याला दुसरं काही विचारावंसं वाटत नाही का तुम्हांला? तरी एकदाच सांगून टाकतो. ताजी मासळी मिळत नव्हती. सुके बोंबील मिळायचे, ओढ्यातले बारके मासे मिळायचे, आणि आषाढात खेकडे. तेवढ्यावर जगलो आणि चांगला जगलो. आता पुढचं ऐका.

पुण्यात शेतकीचं शिक्षण पुरं केल्यावर मी भाताच्या जातींचं संशोधन हाती घेतलं. आपल्या खाडीकाठच्या खाजनांत खाऱ्या पाण्यातही तगून राहणारं कोरगुट भात मी लहानपणापासून पाहिलेलं. डोंगरी पावसातलं भात कसं असतं ते पाहायला मी मावळात गेलो. कासलरॉकला हद्द ओलांडली की आपल्यासाठी तो परदेशच. तिथे इंग्रजाचं राज्य, लढाईचे दिवस, साखरेची टंचाई. आणि मी कोण? आपल्याकडे ज्याची पत्रकं सेन्सॉर पास करत नाही म्हणून बेळगावात छापून आणावी लागतात, तो. भाटकार, म्हणजे जमीनमालक, आपल्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराकडून फुकट राबवून घेतो, यावर मी इतकं लिहिलं आहे की आमच्या गावचा भाटकार मला पाहिला की छत्री आडवी धरतो.

तुंगार्ली

सुरुवातीचे दिवस मी लोणावळ्याला काढले. माझ्या प्राध्यापकांनी शब्द टाकला म्हणून तुंगार्लीत मुंबईच्या एका शेठजींच्या बंगल्यात खोली मिळाली. बाकी सगळ्या खोल्यांना कुलपं. पावसाळ्यात मालक येत नाहीत. गालिचे, आरसे, खुर्च्या अशी सगळी मंडळी आत कोरडी बसलेली, आणि माळी, त्याची बायको आणि मुलं मागच्या पत्र्याच्या पडवीत. पत्रा गळत होता. माझं डोकं फिरलं. मी माळ्याला म्हटलं, "कुलूप उघडून आत का झोपत नाही तुम्ही?"

तो शांतपणे म्हणाला, "सायेब, तुमी चार दिसांनी जाल. मला हितंच ऱ्हायचंय."

हे उत्तर मला तेव्हा आवडलं नाही आणि आजही आवडत नाही. पण त्याच्या बायकोनं त्याच गळत्या पडवीत चूल पेटती ठेवून मला रोज नाचणीची गरम भाकरी आणि कारळ्याची चटणी दिली. कारळं म्हणजे काळं बारीक तेलबी. आपल्याकडे त्याची चटणी कोणी करत नाही, करायला हवी. बाहेर इतकं धुकं की तळ्याचं पाणी दिसत नसे, नुसतं ऐकू येई. मी म्हटलं, भात कुठे पाहायला मिळेल? माळी म्हणाला, "लोनावळ्यात बंगले पिकत्यात. भात बगायचं तर कामशेतला जावा. ठेसनाभाईर दगडूभाईचं पानाचं दुकान हाय, त्येला सांगा मी धाडलं म्हनून."

कामशेत

कामशेत म्हणजे भाताचा बाजार. गिरण्यांच्या दारात पोत्यांच्या थप्प्या, रस्त्यावर भिजलेला कोंडा, बैलगाड्यांची गर्दी, आणि हवेत आंबेमोहराचा असा वास की उकड्या तांदळावर वाढलेल्या माझ्यासारख्याला आधी तो कुणाच्या देव्हाऱ्यातला वाटला.

दगडूभाई तांबोळ्यांचं दुकान स्टेशनासमोर. पवनेच्या बाजूला जाणारा माणूस तिथे टेकल्याशिवाय पुढे जात नाही. पानाला चुना लावता लावता त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"गोव्याचे? म्हणजे फिरंगी?"

"फिरंगी नव्हे. फिरंग्याच्या ताब्यातला."

"बरं. आम्ही इंग्रजाच्या ताब्यातले. बसा."

इतक्या वाक्यांत आमची मैत्री झाली. त्यांच्या घरी मी ईदेला जेवलो, त्यांच्या आईनं माझ्या हातावर कातरलेली सुपारी ठेवून "लेकरा, वाळलास रे" म्हटलं, आणि पुण्याला कागदपत्रं पाठवायची झाली की ती त्यांच्याच गल्ल्याखाली कोरडी राहत. राहायची सोयही त्यांनीच लावली. कामशेतपासून आत, डोंगराच्या कुशीत कोंडवाडी नावाची वाडी. तिथले विठोबा त्यांचे जुने गिऱ्हाईक. शेवाळलेल्या दगडावरून घसरून विठोबांचा पाय मोडला होता. घरात ते, त्यांची बायको सोनामावशी आणि दोन म्हशी. "तुम्हांला भात पाहायचंय आणि त्यांना घरात बोलायला माणूस हवाय," दगडूभाई म्हणाले. "विठोबांचा पाय बांधलाय, तोंड मोकळं आहे."

कोंडवाडी

ते खरं होतं. विठोबा बांबूच्या कामट्या बांधलेला पाय पुढे करून ओटीवर पडून असत आणि तिथून सगळ्या वाडीचा कारभार बघत. मी सकाळी शिवारात जाई, वाफ्यावाफ्यातली रोपं बघे, उंची मोजे, पानांचा रंग टिपून ठेवी. मागच्या हंगामाच्या आंबेमोहर, रायभोग, कोळंबा अशा जातींच्या लोंब्या घरोघरून मागून आणून मी आढ्याला टांगल्या होत्या. परत आलो की विठोबांची उलटतपासणी.

"काय गोवेकर, आज भात किती वाढलं?"

"दोन बोटं."

"आन तुमी बगितलं नसतं तर?"

सोनामावशी चुलीपाशी हसे. मावशी उंच, काटक, बोलायला तिखट. पहिल्या दिवशी मी पेज मागितली. आपल्याकडे दहा वाजता पेज नसली तर दिवस सुरू होत नाही. तिनं भातात पाणी घालून शिजवून दिलं आणि विचारलं, "तुमच्याकडं समदीच आजारी असत्यात का?" तरी दुसऱ्या दिवसापासून रोज माझ्यासाठी पेजेचं भांडं चुलीच्या कडेला असे. गूळ घातलेला चहा, ओल्या लाकडाचा धूर, इरलं पांघरून दारात उभं राहिलेलं शेजारपाजार. मला घरची आठवण येत होती, पण घरात असल्यासारखी येत होती.

आता मुख्य गोष्ट. मावळात आधी राब भाजतात, म्हणजे पालापाचोळा आणि शेण जमिनीवर जाळून त्या राखेत भात पेरतात. रोप हातभर झालं की उपटून चिखलात लावायचं. वेळेत लावलं तर भात. उशीर झाला तर रोप जागच्या जागी म्हातारं होतं, त्याला कांडी धरते, मग ते लावा नाहीतर म्हशीला घाला. मावशीचं रोप तयार झालं होतं. नवरा ओटीवर. एकट्या बाईनं सगळी खाचरं लावायची म्हणजे श्रावण सरला असता, आणि वर्षाचं खाणं त्या खाचरांतच होतं.

मी विचारलं, "मजूर लावणार?"

"मजूर कशाला? इर्जिक हाय की. आदी गणूआबाची, मंग आपली."

इर्जिक म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. विचारायला हवं होतं. पण पत्रकं लिहिणाऱ्याला विचारायची सवय कमी असते.

गणूआबा म्हणजे वाडीचे पाटील. त्यांच्या शेतावर दुसऱ्या दिवशी मी गेलो तर सगळी वाडी चिखलात वाकलेली. बाया-पुरुषांची ओळ, डोक्यावर इरली, पाऊस चालू, हात यंत्रासारखे चाललेले. ओळीत सोनामावशीही. मी एका बाईला विचारलं, "मजुरी काय देतात?"

"मजुरी? कसली मजुरी? जेवान हाय की दुपारचं."

झालं. माझ्या डोळ्यांपुढे माझी आई उभी राहिली. भाटकाराच्या शेतात अशीच वाकलेली. दुपारी वाडगाभर पेज, संध्याकाळी काही नाही, कारण घर त्याच्या जमिनीत आहे. मी बांधावर चढलो. जे मी पत्रकांत लिहीत आलो ते मला तोंडपाठ होतं. "बंधूंनो, भगिनींनो, हात थांबवा! पाटलाच्या शेतात फुकट राबणं ही वेठ आहे. आपल्या घामाचं मोल मागा! तुम्ही कुणाचे गुलाम नाही!"

हात थांबले.  एक तरणाताठा गडी कंबर सरळ करून उभा राहिला. तो बाळू, विठोबांचा चुलतपुतण्या. "आमी येठ करतोय व्हय?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "आबांच्या घरचं समदं आमच्या खाचरात राबल्यात, त्यांची बी येठच का?"

मी म्हटलं, "पाटील तुमच्या खाचरात येणार? थापा मारू नका."

हे वाक्य सगळ्यांत वाईट पडलं. ओळीच्या मधोमध एक म्हातारा गुडघाभर चिखलात उभा होता, तोंडावर चिखलाचे शिंतोडे, हातात रोपांची मूठ. मी त्याला सकाळपासून कुणी गडी समजत होतो. तो म्हणाला, "मीच गणू पाटील. बोला, आजून काय आसंल तर."

 मी बांधावरून उतरलो तो घसरून उतरलो, आणि त्या दिवसातलं एवढंच काम मी सफाईने केलं.

संध्याकाळी बाळू ओटीवर आला. मावशीला म्हणाला, "काकू, चार दिसांनी तुमची इर्जिक ठरली व्हती. आता तुमचा पाव्हना म्हनतो मजुरी मागा. मंग मागतो. मानशी रोज काय देनार बोला."

मावशीनं चुलीत लाकूड सारलं. तिच्याकडे द्यायला काय होतं हे बाळूला ठाऊक होतं आणि मलाही. विठोबांनी पहिल्यांदाच तोंड मिटून घेतलं. बाळू निघून गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "रोप आजून चार दिस दम धरंल. फुडं न्हाई."  सकाळी चुलीच्या कडेला पेज होती. ती तशीच ठेवून उठलो.

मी चिखल तुडवत कामशेतला गेलो. दगडूभाईंनी सगळं ऐकलं आणि इतके हसले की त्यांच्या तोंडातलं पान बाहेर आलं. मग डोळे पुसून म्हणाले, "गोवेकर, एक सांगा. तुमचा तो भाटकार तुमच्या आईचं छप्पर शाकारायला कधी आला होता?"

"तो? तो अंगणात उभा राहत नाही."

"मग ती वेठ. इथे गेल्या साली माझ्या भावाचं शेत लावायला गणूआबा आपली सून घेऊन आले होते. इर्जिक म्हणजे आज तुझं, उद्या माझं. ज्याच्या घरचा माणूस येतो त्याच्या घरी माणसं जातात. पाटील असला म्हणून बांधावर बसला तर पुढच्या वर्षी त्याच्याकडे कुत्रं जायचं नाही. तुम्ही सगळ्या वाडीला हमाल ठरवलंत की हो!"

"मग आता काय करू? माफीचं पत्रक काढू?"

"कागद नका काढू बाबा," ते हात जोडून म्हणाले. "चिखलात उतरा."

मी तसाच गणूआबांच्या दारात गेलो. ते बैलाच्या खांद्याला हळद लावत होते. मी म्हटलं, "आबा, माझं चुकलं. सोनामावशीचं रोप वाया जाऊ देऊ नका."

त्यांनी मान वर केली नाही. "तुमच्या भाषनात वढ्याकडचा तुकडा लावायचा ऱ्हायला. उद्या या."

ओढ्याकडचा तुकडा

शेतात राबणाऱ्या आईच्या पोटी जन्मलो, शेतकीची परीक्षा पास झालो, पण लावणी आपल्याकडे बायका करतात. मी आयुष्यात एक रोप चिखलात खोचलेलं नव्हतं. चिखलात होतो गणूआबांच्या घरची माणसं, मी आणि, कशासाठी कोण जाणे, बाळू.

माझी रोपं कधी उभी, कधी आडवी. घट्ट लावली तर मोडत, सैल लावली तर पाण्यावर तरंगत. आबांची सून मागे वळून म्हणाली, "गोवेकर, रोपं हायती ती. उदबत्त्या लावल्यागत काय लावताय?"

बाळू म्हणाला, "न्हाई वैनी, गोव्यात भात निजून उगवतंय."

दुपारपर्यंत माझी कंबर माझी राहिली नाही. खेकड्यानं अंगठा धरला तेव्हा मी अशी किंकाळी फोडली की ओढ्यापलीकडे गुरं राखणारी म्हातारी धावत आली. तिला वाटलं वाघ आला. बाळू चिखलात बसून हसत होता. मग उठला, माझ्या मागच्या ओळीतली तरंगणारी रोपं एकेक उचलून खोचू लागला, आणि खोचता खोचता मला दाखवू लागला, अंगठा असा ठेवा, बोटं अशी. मजुरीचा विषय त्यानं काढला नाही. पण परवा मावशीच्या खाचरात येतो असंही म्हणाला नाही. गणूआबाही नाही. निघताना मी विचारलं तर ते म्हणाले, "बगू. पाऊस कसा ऱ्हातो."

मी मावशीला हे सांगितलं. ती म्हणाली, "पावसावर हाय म्हनले ना? मंग जेवनाचं बगाया पायजे." आणि तिनं उखळात तांदूळ घातला.

जेवण मी करणार असं मी जाहीर केलं. विठोबा म्हणाले, "भाषन केलं, लावनी केली, आता सैपाक. काय बी सोडनार न्हाई ह्यो." दगडूभाईंनी कामशेतहून नारळ पाठवले, पैसे विचारले तर शिवी दिली.

सोनामावशीची खाचरं

सकाळी मावशी इरलं घेऊन एकटीच निघाली. मी चुलीपाशी. विठोबा ओटीवरून वाटेकडे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. बराच वेळ वाटेवर पाऊस तेवढा होता. मग विठोबांनी एकदम घसा खाकरला आणि ओरडले, "पान्याचा हंडा भरून ठिवा गोवेकर, आलं समदं गाव!"

पुढे गणूआबा, मागे ओळ, आणि शेवटी बाळू, हातात खेकड्यांची टोपली. ती त्यानं माझ्यापुढे आदळली. "घ्या. ह्यांनी तुमाला धरलं, आता तुमी ह्यांना धरा."

खाचराकडून दुपारपर्यंत गाण्याचा आवाज येत होता. मी नारळ खवून, वाटून, खेकड्यांचं हुमण केलं, आपल्या पद्धतीनं, तिरफळं नव्हती तरी. पंगत बसली. पहिला घास घेऊन सगळे माझ्याकडे बघत राहिले.

"ग्वाड लागतंय," कुणीतरी म्हणालं.

"खोबऱ्याचं हाय. देवाला चालंल," गणूआबा म्हणाले आणि पुन्हा वाढून घेतलं. मग सगळ्यांनी घेतलं. भांडं बाळूनं भाकरीनं पुसलं.

एक गोष्ट मात्र मी गोड करून सांगणार नाही. महारवाड्यातली माणसंही त्याच ओळीत, त्याच चिखलात राबली होती. त्यांची पानं गोठ्याच्या अंगाला वेगळी मांडली होती. चिखलात चालतं आणि पानावर चालत नाही, हा कुठला न्याय, असं मी विचारलं.  मी माझं पान घेऊन तिकडे जाऊन बसलो. मला कुणी अडवलं नाही, आणि माझ्यामागून कुणी आलंही नाही. ज्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही त्यांच्याबद्दल हे लिहितो आहे. ते कोंडवाडीत वाचून दाखवायला दगडूभाईंना सांगणार आहे.

संध्याकाळी शेवटची मूठ मावशीनं लावली. खाचरं भरली. बांधावर येऊन तिनं हात धुतले. मग मला म्हणाली, "गोवेकर, उद्या पेज घेशील का भात खाशील?" तोवर मला ती 'तुमी' म्हणत असे.

निघण्याआधी बांधावर पुढची बोलणी झाली. कुणाचं घर कुणाकडे राहिलं, उद्या कुणाचं खाचर. हे सगळं तोंडी, कुणाची चूक होत नाही. शेवटी गणूआबा म्हणाले, "आन गोवेकराचा एक दिस निगतो माज्याकडं. त्यो फेडाया पायजे."

बाळू म्हणाला, "त्याचा दिस? समदी रोपं मी परत लावली की!"

"तुज्या रोपाचं न्हाई इचारत. दिसभर चिखलात व्हता का न्हाई? मंग निगतो." आबा माझ्याकडे वळले. "तुज्या आयशीची लावनी कवा असती?"

मी सांगितलं. आईला शेत नाही. ती भाटकाराच्या शेतात लावते, आणि तिथे कुणाचा दिवस निघत नाही.

 मग मावशी म्हणाली, "शेत न्हाई तर न्हाई. घर हाय ना? शाकाराया यील मानूस."

"घर आहे मावशी. पण भाटकाराला विचारल्याशिवाय त्याची एक झावळी बदलता येत नाही."

"येक झावळी?" गणूआबांनी पुन्हा विचारलं, ऐकू आलं नसल्यासारखं.

"एकही नाही."

"मंग त्येला इचारायलाच इर्जिक न्ह्यावी लागंल," बाळू म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही. गणूआबांनी चिखलाचा हात माझ्या पाठीवर ठेवला, तो सदरा पांढरा होता, आणि म्हणाले, "दिस निगतो आमच्याकडं. ध्यानात ठिव."

कापणीनंतर मी लोंब्यांची पेटी घेऊन परत आलो. कोंडवाडीची माणसं इथवर येणार नाहीत हे मला ठाऊक आहे. हद्दीवर त्यांना कोण सोडील? पण आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, मुंडकारांची घरं ओळीने आहेत, आणि पहिल्या सरीला प्रत्येकजण आपापल्या घरात भांडी मांडून बसतो. मी घरोघर जाऊन सांगितलं आहे. येत्या रविवारी आमचं छप्पर, त्याच्या पुढच्या रविवारी शेजारच्या रुक्मिणीचं, मग पास्कोलचं. ज्याच्या घरचा माणूस येईल त्याच्या घरी माणसं जातील. भाषण केलेलं नाही.

भाटकाराला विचारलेलं नाही. त्यावरून आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. आज मात्र सकाळपासून ती नारळ खवत बसली आहे, इतक्या माणसांना पुरेल इतका.